सध्याची बारा गाणी : इंडी आणि डान्स संगीत नव्याने ऐकणाऱ्यांसाठी

१९७६ मध्ये बीबीसी रेडिओ वनच्या जॉन पील यांनी श्रोत्यांकडून आवडत्या गाण्यांसाठी मतं मागवली आणि वर्षअखेरीला त्यातली पन्नास गाणी वाजवली. हा प्रकार लोकप्रिय झाला, पण लवकरच एक अडचण दिसू लागली. वर्ष कुठलंही असो, वरच्या जागा त्याच त्या गाण्यांकडे जायच्या. मग १९८२ मध्ये फक्त त्या वर्षीच्या गाण्यांची वेगळी यादी आली आणि पुढे तीच रूढ झाली. ऑस्ट्रेलियात ट्रिपल जे रेडिओच्या ‘हॉटेस्ट हंड्रेड’चंही असंच झालं. १९८९ मध्ये ती सुरू झाली तेव्हा कुठल्याही काळातलं गाणं चालायचं. १९९३ पासून ती त्या-त्या वर्षापुरती झाली.

सर्वांत आवडतं गाणं कोणतं आणि सध्या आवडणारं गाणं कोणतं, हे दोन अगदी वेगळे प्रश्न आहेत. पहिल्याचं उत्तर आपल्याकडे बहुधा तयार असतं. दुसऱ्याचं उत्तर द्यायचं तर या आठवड्यात कान उघडे ठेवून ऐकावं लागतं. हा लेख दुसऱ्या प्रश्नासाठी आहे, आणि तोही इंडी व डान्स या दोन शेजाऱ्यांपुरता. चार आठवड्यांत बारा गाण्यांची स्वतःची यादी करायची, एवढंच काम. बाराच का, तर तासाभरात संपतात आणि न बघता आठवतात. मी एकदा शंभर गाण्यांची यादी केली होती. महिन्याभराने पाहिली तर त्यातल्या निम्म्या गाण्यांची चालसुद्धा मला आठवेना. आवडलं म्हणून मी जे टिपलं होतं, ते खरं तर नुसतं कानावरून गेलं होतं.

पहिलं पाऊल : दोन शब्द नीट समजून घ्या

‘इंडी’ हा मुळात आवाजाचा प्रकार नव्हताच. इंडिपेंडंट, म्हणजे मोठ्या रेकॉर्ड कंपन्यांच्या बाहेर काढलेलं संगीत. जानेवारी १९७७ मध्ये मँचेस्टरच्या बझकॉक्स या बँडने चार गाण्यांची ‘स्पायरल स्क्रॅच’ ही तबकडी स्वतःचं लेबल काढून छापली. कंपनीने बोलवायची वाट पाहिली नाही. ते बघून इतरांनाही धीर आला. १९८० पासून ब्रिटनमध्ये इंडी गाण्यांचा वेगळा चार्ट निघू लागला. त्यात कोण बसणार, हे ठरायचं ते रेकॉर्ड दुकानापर्यंत कुणी पोहोचवली यावरून. म्हणूनच कायली मिनोगची चकचकीत पॉप गाणीही त्या चार्टवर वर चढली, कारण तिचं लेबल स्वतंत्र वितरणातलं होतं. पुढे हळूहळू या शब्दाला आवाज चिकटला: गिटार, थोडा ओबडधोबड ड्रम, फार घासूनपुसून न घेतलेला गळा, आणि खासगी वाटावेत असे शब्द.

‘डान्स’चा अर्थ सोपा आहे. जे नाचायला केलंय ते. त्याचं घराणं डिस्कोतून निघतं. १९७७ मध्ये शिकागोत ‘वेअरहाऊस’ हा क्लब सुरू झाला. तिथे फ्रँकी नकल्स रेकॉर्ड वाजवायचे आणि त्या क्लबच्या नावावरून ‘हाऊस’ या डान्स संगीताच्या प्रकाराला नाव मिळालं असं मानलं जातं. डेट्रॉइटमध्ये हुआन अ‍ॅटकिन्स, डेरिक मे आणि केव्हिन सॉन्डरसन या तिघांच्या हातून टेक्नो हा दुसरा प्रकार घडला. दोन्हीकडे कामाला आली ती रोलँड कंपनीची यंत्रं. १९८० चं ८०८ आणि १९८३ चं ९०९ ही ड्रम मशीन आजही रोज नव्या गाण्यांत वाजत असतात.

या दोन घरांमधली भिंत कधीच फार जाड नव्हती. मँचेस्टरचा ‘हासिएंडा’ क्लब १९८२ मध्ये उघडला, आणि त्यामागे फॅक्टरी रेकॉर्ड्स हे इंडी लेबल आणि न्यू ऑर्डर हा त्यांचाच बँड होता. एवढी पार्श्वभूमी पुरे. बाकीची ऐकता ऐकता जमते.

दुसरं पाऊल : बेस ऐकू येईल असं काहीतरी मिळवा

हे पाऊल लहान आहे, पण ते चुकलं तर पुढचं सगळं वाया जातं. किक ड्रमचा, म्हणजे ठेक्यातल्या त्या जाड ‘धप’ आवाजाचा, मुख्य जोर साधारण ५० ते १०० हर्ट्झच्या पट्ट्यात असतो आणि फोनच्या इवल्याशा स्पीकरमधून तेवढा खालचा आवाज निघतच नाही. तिथे डान्स गाणं ऐकणं म्हणजे डग्गा काढून तबला ऐकणं. कितीतरी गाणी मी फोनवर ऐकून ‘यात काही नाही’ म्हणत सोडून दिली होती. नंतर कानात बसणाऱ्या साध्या इअरफोनवर तीच ऐकली तेव्हा कळलं, गाणं खाली चाललं होतं आणि मी वर शोधत होते.

महागडी सामग्री लागत नाही. कानात घट्ट बसणारे इअरफोन चालतात, थोडा मोठा स्पीकर असेल तर उत्तमच. इक्वलायझरमध्ये बेस वाढवून ठेवू नका. गाणं मिक्स करणाऱ्याने त्याचा हिशेब आधीच केलेला असतो.

आणि आवाज जपून. जागतिक आरोग्य संघटनेच्या मते मोठ्या माणसाने ८० डेसिबलचा आवाज आठवड्याला ४० तास ऐकला तर चालतो. पुढे दर ३ डेसिबलला ही मुदत निम्मी होत जाते. ९० डेसिबलला जेमतेम चार तास उरतात. क्लबमध्ये किंवा मोठ्या कार्यक्रमात जाणार असाल तर संगीतासाठीचे इअरप्लग खिशात ठेवा. त्यांच्यातून बेस तर पोहोचतोच, गाणंही स्पष्ट ऐकू येतं.

तिसरं पाऊल : मोजायला शिका

नव्या माणसाने सर्वांत जास्त वेळ इथे द्यावा असं मला मनापासून वाटतं, म्हणून मीही इथे रेंगाळणार आहे.

हाऊसचं कुठलंही गाणं लावा आणि उभे राहा. आधी फक्त किक ऐका. धप, धप, धप, धप. प्रत्येक मात्रेवर एक. याला ‘फोर ऑन द फ्लोअर’ म्हणतात. मग टाळीसारखा आवाज शोधा, तो दुसऱ्या आणि चौथ्या मात्रेवर सापडेल. त्यानंतर दोन किकच्या बरोबर मधे उघडणारी हाय-हॅट, म्हणजे झांजांची जोडी, ‘त्स’ असा आवाज करणारी. ही तीन भांडी ओळखता आली की हाऊसचा सांगाडा हाती आला. चौथी गोष्ट म्हणजे बेसलाइन, खालच्या सुरांची चाल. ती किकच्या मागेपुढे सरकते आणि कंबर हलते ती बहुतेक वेळा तिच्यामुळे.

आता मोजा. चार मात्रांचा एक बार. चार बारच्या सोळा मात्रा झाल्या. तीनताल ज्यांच्या कानात मुरलेला आहे त्यांना हे अर्धं शिकवून झालेलं असतं. आठ बारच्या बत्तीस मात्रा, आणि डान्स गाण्यात जे काही बदलतं ते बहुधा सोळा किंवा बत्तीस मात्रांच्या आवर्तनानंतर बदलतं. नवा सूर येतो, टाळी निघून जाते, आवाज शिरतो, सगळं पहिल्या मात्रेवर. समेवर यावं तसंच. दोन-तीन गाणी अशी मोजली की बदल येण्याआधीच तुम्हाला त्याची चाहूल लागायला लागेल. गर्दीतली माणसं एकाच क्षणी हात वर कशी करतात हे कोडंही तिथेच सुटतं. सगळे नकळत मोजत असतात.

तबल्यातली खाली आठवा. तीनतालात खालीच्या जागी डग्ग्याचा घुमारा थांबतो, ठेका हलका होतो आणि तो परत आला की सम जवळ आल्याचं कळतं. डान्स संगीत हाच खेळ मिनिटभर ताणतं. किक आणि बेस काढून घेतले जातात, वर नुसता सूर तरंगत राहतो. हा ‘ब्रेकडाउन’. मग हळूहळू ताण चढत जातो, तो ‘बिल्ड’. आणि किक-बेस एकत्र परत येतात तो ‘ड्रॉप’. ड्रॉपचा सगळा जोर आधीच्या रिकाम्या जागेतून येतो. म्हणून ब्रेकडाउन पुढे ढकलून थेट ड्रॉपवर जाऊ नका. तसं केलंत तर गाण्याने मिनिटभर जमवलेलं सगळं सांडून जातं.

वेग मोजायला घड्याळ पुरतं. पंधरा सेकंदांतल्या किक मोजायच्या आणि चारने गुणायचं, की मिनिटाला किती मात्रा ते कळलं. यालाच बीपीएम म्हणतात. डिस्को साधारण ११० ते १२५, हाऊस ११८ ते १२८, टेक्नो त्याच्या पुढे, यूके गॅरेज १३० च्या आसपास, ड्रम अँड बेस १७० च्या वर. १२८ च्या गाण्यात बत्तीस मात्रा बरोबर पंधरा सेकंदांत संपतात. हा एक आकडा लक्षात राहिला तर कुठलंही गाणं घड्याळ न बघता उलगडता येतं.

ड्रम अँड बेसमध्ये किक सरळ चार पडत नाहीत, ठेका तुटक असतो. ‘आमेन ब्रेक’ म्हणून ओळखला जाणारा त्याचा सर्वांत गाजलेला तुकडा १९६९ मधल्या द विन्स्टन्स या बँडच्या एका गाण्यातला आहे. ड्रमर ग्रेगरी कोलमन यांनी वाजवलेले जेमतेम सहा-सात सेकंद. ते कापून, वेग वाढवून, उलटसुलट जोडून हजारो गाणी उभी राहिली. सुरुवातीला हा ठेका मोजताना गोंधळ होतो. तेव्हा निम्म्या वेगाने मोजा, म्हणजे १७० चं ८५ धरा, की पाय सापडतो.

इंडी गाणं ऐकताना आपली सवय वेगळी असते. कान शब्दांची वाट बघतो: कडवं, ध्रुवपद, पुन्हा कडवं. नवखा माणूस डान्सकडे वळला की त्याची तक्रार हीच असते, ‘गाणं सुरूच होत नाही!’ या दोन सवयींच्या मधे उभं असलेलं गाणं म्हणून १९८३ चं ‘ब्लू मंडे’ ऐका. न्यू ऑर्डरच्या या गाण्याची सुरुवात ड्रम मशीनच्या एकट्या किकने होते आणि गायकाचा आवाज यायला जवळपास दोन मिनिटं लागतात. एकूण लांबी साडेसात मिनिटांची. तोवर बेस गिटार, सिंथ (विजेवर आवाज घडवणारं वाद्य) आणि यंत्राचा ठेका एकेक करून आत येतात. कोण कधी आलं ते बोटांवर मोजा. या एका गाण्यावर तुम्ही दोन संध्याकाळी घालवल्यात तरी त्या सत्कारणी लागतील.

उलट बाजूने बघायचं तर एलसीडी साउंडसिस्टमचं २००७ मधलं ‘ऑल माय फ्रेंड्स’ घ्या. सुरुवातीला पियानोचा एकच तुकडा जरा अडखळत वाजतो आणि तो थांबतच नाही. ड्रॉप नाही, नेहमीसारखं परत परत येणारं ध्रुवपदही नाही. साडेसात मिनिटं फक्त साठत जाणं. घडण डान्सची, शब्द मात्र पूर्ण इंडीचे.

यादीत येऊ पाहणारं प्रत्येक गाणं तीनदा ऐकायचं, ही माझी पद्धत. पहिल्यांदा उभं राहून किंवा चालताना, काही न ठरवता. दुसऱ्यांदा फक्त बेस. तिसऱ्यांदा शब्द, आणि शब्द नसतील तर सर्वांत वरचा, सर्वांत बारीक आवाज कोणता तो. तिसऱ्या फेरीत गाणं वेगळं वाटलं नाही तर ते बहुधा आठवड्यापुरतं आहे.

चौथं पाऊल : कुठली आवृत्ती ऐकताय ते बघा

एकाच नावाच्या पाच-सहा आवृत्त्या दिसतात तेव्हा नवा माणूस पहिली दिसेल ती लावतो. इथे फार गमावलं जातं.

‘रेडिओ एडिट’ तीन-चार मिनिटांची. ‘एक्स्टेंडेड मिक्स’ सहा-सात मिनिटांची, तिच्या दोन्ही टोकांना नुसता ठेका. तो डीजेला एक गाणं दुसऱ्यात मिसळायला लागतो. ‘डब’मध्ये गाणाऱ्याचा आवाज जवळजवळ काढून टाकलेला असतो आणि उरलेल्या तुकड्यांवर प्रतिध्वनी. ‘रिमिक्स’ म्हणजे दुसऱ्या कुणीतरी नव्याने बांधलेलं गाणं. तिथे मूळचा फक्त एक धागा उरलेला असू शकतो.

लांब आवृत्तीमागे एक तांत्रिक कारण आहे. सत्तरच्या दशकात टॉम मोल्टन गाण्यांच्या लांब डिस्को आवृत्त्या करत असत. नेहमीच्या सात इंची कोऱ्या तबकड्या संपल्या म्हणून एकदा त्यांचं गाणं मोठ्या तबकडीवर कोरलं गेलं, ही हकिकत ते स्वतः सांगत. जागा जास्त मिळाली की खाचा दूरदूर कोरता येतात. खोल बेसला रुंद खाच लागते, ती इथे मावते, त्यामुळे आवाज मोठा होतो आणि बेस भरदार येतो. १९७६ मध्ये डबल एक्स्पोजरच्या ‘टेन पर्सेंट’ची वॉल्टर गिबन्स यांनी केलेली नऊ मिनिटांहून लांब आवृत्ती बारा इंचांवर विक्रीला आली. दुकानात मिळणारा तो पहिला बारा इंची सिंगल. तबकडीचा आकार बदलला आणि त्याबरोबर गाण्याचाही.

आता रिमिक्सची गोष्ट, कारण इंडी आणि डान्सची सोयरीक खरी तिथेच जुळते. एव्हरीथिंग बट द गर्ल या जोडीचं ‘मिसिंग’ १९९४ मध्ये आलं ते शांत, गिटारवर रेललेलं गाणं म्हणून. टॉड टेरी यांनी त्याच्या खाली हाऊसचा ठेका घातला आणि १९९५ मध्ये ते जगभर वाजलं. ट्रेसी थॉर्न यांचं गाणं तेच, आवाजातली उदासीही तीच. पायाखालची जमीन तेवढी बदलली. दोन्ही आवृत्त्या लागोपाठ ऐका. उदास गाण्यावर नाचता कसं येतं हे त्यातून जितकं कळतं तितकं कुठल्याही व्याख्येतून कळणार नाही.

दुसरं उदाहरण आपल्या फार जवळचं आहे. लेस्टरचा कॉर्नरशॉप हा इंडी बँड, गायक टजिंदर सिंग. त्यांचं १९९७ मधलं ‘ब्रिमफुल ऑफ आशा’ हे आशा भोसले यांच्यावरचं गाणं. त्यात लता मंगेशकर आहेत, मोहम्मद रफी आहेत आणि मिनिटाला ४५ फेऱ्यांच्या वेगाने फिरणाऱ्या तबकड्यांवरचं प्रेम आहे. मूळ गाणं आरामात, खुर्चीत रेलून गुणगुणावं असं. ब्रिटिश चार्टवर ते ६० व्या जागेपर्यंतच पोहोचलं. नॉर्मन कुक, म्हणजे फॅटबॉय स्लिम, यांनी त्याचा वेग वाढवला, ड्रम जाड केले, आणि फेब्रुवारी १९९८ मध्ये तेच गाणं ब्रिटनमध्ये पहिल्या क्रमांकावर गेलं. मला आजही दोन्ही हवी असतात. सकाळी पहिली, रात्री दुसरी.

प्रायमल स्क्रीमचं १९९० मधलं ‘लोडेड’ याच्याही पुढे जातं. अँड्र्यू वेदरऑल यांनी बँडचं एक जुनं संथ गाणं उघडून त्यातून इतकं वेगळं काही काढलं की त्याला नावही नवं द्यावं लागलं. तिथून वाट निघाली ती १९९१ च्या ‘स्क्रीमाडेलिका’ या अल्बमपर्यंत, आणि १९९२ मध्ये पहिला मर्क्युरी पुरस्कार, म्हणजे ब्रिटनमधला वर्षातल्या सर्वोत्तम अल्बमचा पुरस्कार, त्यालाच मिळाला.

म्हणून यादीत गाणं लिहिताना आवृत्तीही लिहा, आणि रिमिक्स असेल तर करणाऱ्याचं नावही. ते नाव पुढच्या पावलाला लागणार आहे.

पाचवं पाऊल : माग काढा

अ‍ॅपने पुढे केलेलं गाणं वाईटच असतं असं नाही. पण ते तुम्ही आधी ऐकलेल्यासारखंच असतं. शिवाय ऐकण्याच्या अ‍ॅपवर तीस सेकंद ऐकलं की ते एक वेळ मोजलं जातं, त्यामुळे सुरुवातीलाच सगळं हातात ठेवणारी गाणी तिथे पुढे येतात. दोन मिनिटं थांबवून ठेवणारं गाणं तुम्हालाच शोधावं लागतं.

माग कसा काढायचा, एक उदाहरण चालून दाखवते. द एक्सएक्स हा लंडनचा बँड घ्या. २००९ मध्ये पहिला अल्बम, २०१० मध्ये त्याला मर्क्युरी पुरस्कार. कुजबुजल्यासारखं गाणं, दोन-चार सुरांची गिटार आणि मधे भरपूर शांतता. त्यातला ठेका सांभाळणारा जेमी एक्सएक्स. तो एकट्याने २०१५ मध्ये ‘इन कलर’ हा अल्बम करतो आणि नऊ वर्षांनी, सप्टेंबर २०२४ मध्ये, ‘इन वेव्ह्ज’. तो पूर्णपणे डान्सच्या बाजूचा, पण त्यातल्या एका गाण्यात जुने सोबती रोमी आणि ऑलिव्हर सिम परत भेटतात. आता रोमीकडे वळा. २०२३ चा तिचा ‘मिड एअर’. निर्माते कोण ते वाचा: फ्रेड अगेन आणि स्टुअर्ट प्राइस. स्टुअर्ट प्राइस कोण? मडोनाच्या २००५ मधल्या ‘कन्फेशन्स ऑन अ डान्स फ्लोअर’मागचा माणूस. हाच ‘थिन व्हाइट ड्यूक’ या टोपणनावाने द किलर्सच्या ‘मिस्टर ब्राइटसाइड’चा रिमिक्स करतो आणि २००८ मध्ये त्याच बँडचा पूर्ण अल्बमही. कुजबुजणाऱ्या इंडीतून निघालो, चार घरं फिरून गिटारच्या इंडीत परत आलो आणि सगळा रस्ता डान्स फ्लोअरवरून गेला. श्रेयनामावली वाचायला दोन मिनिटं लागली असतील.

असाच माग लेबलवरूनही निघतो. न्यूयॉर्कचं डीएफए, पॅरिसचं एड बँगर, लंडनचं निन्जा ट्यून, शेफिल्डमधून सुरू झालेलं वॉर्प. एखादं गाणं आवडलं की त्याच लेबलची त्या वर्षीची आणखी तीन गाणी ऐका. तिन्ही आवडणार नाहीत. एक आवडेल, आणि तेवढं पुरतं.

रेडिओ विसरू नका. सिअ‍ॅटलचं केईएक्सपी, बीबीसी सिक्स म्युझिक, लंडनचं एनटीएस ही सगळी इंटरनेटवर ऐकता येतात आणि माणसं स्वतः निवडून गाणी लावतात. निवेदक गाण्याआधी जे दोन शब्द बोलतो त्यातून कितीदा दार उघडतं! कुठल्या तरी एका निवेदकाचा कार्यक्रम धरा आणि महिनाभर सोडू नका. त्याची आवड आणि तुमची आवड यांतला फरक कळायला लागला की तो खरा उपयोगी पडतो.

सहावं पाऊल : आठवड्याची घडी

जुलै २०१५ पासून जगभर नवं संगीत शुक्रवारी येतं. त्यामुळे शुक्रवारी किंवा शनिवारी एक तास नव्यासाठी ठेवा. पंधरा-वीस गाण्यांवरून कान फिरवा आणि जी पुन्हा ऐकावीशी वाटतील ती ‘थांबा’ अशा नावाच्या प्लेलिस्टमध्ये टाका. पाचपेक्षा जास्त नकोत. सोमवार ते गुरुवार फक्त ही पाच ऐका, वर सांगितलेल्या तीन फेऱ्यांत. गुरुवारी रात्री निर्णय: यादीत, की बाहेर. रेंगाळत ठेवलेली गाणी नव्याची जागा अडवतात, म्हणून निर्णय टाळू नका.

आवडलेलं गाणं विकत घेता येत असेल तर घ्या. बँडकॅम्प २००८ पासून आहे आणि तिथल्या विक्रीतला मोठा वाटा थेट कलाकाराला जातो. मार्च २०२० पासून काही ठरावीक शुक्रवारी तर कंपनी आपला हिस्साही सोडते. स्पॉटिफायवर २०२४ पासून मागच्या बारा महिन्यांत एक हजार वेळा न ऐकलेल्या गाण्याला मानधन मिळत नाही. लहान इंडी बँड आणि स्वतःच्या खोलीत बसून ट्रॅक करणारी मुलं यांच्यासाठी तुमची एक खरेदी खरोखर मोलाची असते.

सातवं पाऊल : निवड

माझे नियम थोडे आहेत, पण मी ते मोडत नाही. एका कलाकाराचं एकच गाणं. किमान सात गाणी मागच्या वर्षभरातली. उरलेली पाच कितीही जुनी चालतील, मात्र ती तुम्हाला या महिन्यातच नव्याने भेटलेली हवीत. तीन वेगवेगळ्या दिवशी ऐकलेलं गाणंच यादीत येणार, कारण रात्री अकराला अप्रतिम वाटलेलं पुष्कळ काही सकाळी टिकत नाही. आणि प्रत्येक गाण्यापुढे एक ओळ लिहायची, ‘छान आहे’ हे शब्द न वापरता. ‘दुसऱ्या मिनिटाला बेस थांबतो तिथे माझा श्वासही थांबतो.’ ‘ड्रमर मुद्दाम किंचित मागे वाजवतो.’ अशी ओळ सुचत नसेल तर गाणं अजून ऐकून झालेलं नाही.

इतरांना काय वाटेल या विचाराने एकही गाणं घालू नका किंवा काढू नका. फार वाजलेलं म्हणून कमी, कुणी न ऐकलेलं म्हणून भारी, असा हिशेब इंडीच्या दुनियेत पुष्कळ चालतो. मला तो पटत नाही. पेगी गूचं २०२३ मधलं ‘नानाना’ त्या उन्हाळ्यात जिथे तिथे वाजलं. माझ्या त्या महिन्याच्या यादीत ते होतं, कारण त्याची बेसलाइन तेवढी चांगली आहे.

आठवं पाऊल : क्रम

बारा गाणी जमली की क्रम लावा. सर्वांत वेगवान गाणं पहिलं ठेवू नका. शंभरच्या आतबाहेरच्या वेगाने सुरुवात करा, आठव्या-नवव्या गाण्यापर्यंत चढत जा आणि शेवटची दोन-तीन उतरती. शेजारच्या दोन डान्स गाण्यांच्या वेगात पाच-सहा बीपीएमपेक्षा जास्त फरक नसेल तर कान अडखळत नाही. मोठी उडी घ्यायचीच असेल तर मधे ठेका नसलेलं, शांत इंडी गाणं टाका. त्यानंतर कुठलाही वेग चालतो.

अ‍ॅपमध्ये क्रॉसफेड नावाची सोय असते, एक गाणं संपता संपता दुसरं त्यावर चढवणारी. एक्स्टेंडेड मिक्ससाठी ती चांगली, कारण तिथे टोकांना नुसता ठेका असतो. इंडी गाण्याचा शेवटचा सूर मात्र ती खाते, म्हणून मी बंदच ठेवते.

क्रम लागला की यादी एकदा सलग ऐका, मधे काहीही न बदलता. सहसा एक गाणं उपरं निघतं. ते काढा आणि ‘थांबा’मधलं एक आत घ्या.

मग यादीच्या नावात महिना आणि वर्ष घाला आणि तिला कुलूप लावा. पुढे त्यातलं एखादं गाणं नकोसं झालं तरी काढायचं नाही. पुढच्या शुक्रवारी नवी, रिकामी यादी उघडा, आणि मागच्या बारांतलं एकही गाणं तिच्यात घेऊ नका.